जगाच्या युनियनचं बजेट टेलकडून

संपाच्या गोष्टी सगळ्यांना ऐकायच्या असतात. गेटवर कोण आडवं झालं, पोलिसांची गाडी कधी आली, साहेबाच्या केबिनची काच कुणी फोडली. मी बरीच वर्षं युनियनचा सेक्रेटरी होतो, तेव्हा असल्या गोष्टी माझ्याकडंही आहेत. पण छातीत ढोल वाजावा असे दिवस कुठले, असं कुणी विचारलं तर मी संपाचे सांगत नाही. बजेटचे सांगतो. ऐकणारा लगेच घड्याळ बघतो.

बघू दे. शेकडो माणसांच्या वर्गणीवर हात ठेवून, समोर तीन परक्या युनियनची माणसं आणि सगळ्यांची नजर एकाच हंड्यावर, अशा टेबलाला तो कधी बसलेला नसतो. तिथं ज्याचं रक्त उसळत नाही त्यानं सौद्याच्या वाटेला जाऊ नये, भजनी मंडळात जावं.

आमची कंपनी परदेशी. गाड्यांच्या दाराला आणि काचेला जे काळं रबर बसतं ते आम्ही करायचो. मोठा कारखाना शिरूरच्या बाजूला. लागणारं रबर कालवायचं काम मात्र दौंडच्या बाजूच्या छोट्या कारखान्यात. कालवायचं म्हणजे रबरात काजळी घालून मळायचं. शिरूरला पांढऱ्या फरश्या आणि कँटीनला पंखे. दौंडला शिफ्ट सुटली की माणूस फक्त दात आणि डोळ्यांवरनं ओळखायचा. मालक एकच, पण शिरूरच्या कामगाराला दौंडला बदली म्हटलं की तो देव पाण्यात घालून बसायचा. कंपनीचा तिसरा कारखाना श्रीलंकेत रबराच्या मळ्यांजवळ, आणि चौथा, म्हणजे खरं तर पहिला, जर्मनीत.

नव्वदच्या दशकात या चारही कारखान्यांच्या युनियननी मिळून एक मंडळ केलं. त्याचं नाव लांबलचक इंग्रजी होतं. आमच्या पोरांनी त्याचं 'जगाची युनियन' करून टाकलं. 'भाऊ, जगाच्या युनियनचं काय म्हणतंय?' असं कुणी हसत विचारलं की मीही हसायचो, पण आतून मला ते नाव फार आवडायचं.

प्रत्येक युनियननं आपल्या वर्गणीतला हिस्सा सामाईक निधीत टाकायचा. जर्मन कामगाराचा पगार मोठा, म्हणून त्यांचा हिस्साही मोठा. वर्षातून एकदा चौघांचे प्रतिनिधी बसून ठरवणार, यंदा खर्च कशावर आधी. लोकांना वाटतं बजेट म्हणजे आकडे. आकडे कारकूनही मांडतो. भांडण असतं ते क्रमाचं. यादीत जे पहिलं, त्याला पूर्ण पैसे. उरलं तर दुसऱ्याला, मग तिसऱ्याला. खाली येता येता हंडा खडखडीत. आणि नियम असा, की चारही हात वर आले तरच नवा क्रम. एक जरी हात खाली राहिला तरी गेल्या वर्षीचाच क्रम चालू. गेल्या वर्षीचा क्रम काय होता? पहिलं मंडळाचं जर्मनीतलं ऑफिस. दुसरा जर्मनीतला संपनिधी. तिसरा प्रतिनिधींचा प्रवास. शिरूर, दौंड आणि श्रीलंका या सगळ्यांची मिळून तळाला एक ओळ होती, तिचं नाव 'इतर'.

त्या वर्षी बैठक भरवायची पाळी आमच्याकडं, शिरूरला आली. आणि माझ्या डोक्यावर सात घरं होती.

काशिनाथ आणि त्याच्याबरोबरचे सहा जण. प्रेसवरचं लोखंडी गार्ड मॅनेजमेंटनं उत्पादन वाढवायला काढून ठेवलं होतं, त्यात एकाचा पंजा सापडला. काशिनाथनं धावत जाऊन सबंध लाइन बंद केली, आणि गार्ड लागेपर्यंत हे सातही जण ती चालू करू देईनात. कंपनीनं त्यांना कामावरनं काढलं. लेबर कोर्टात आम्ही जिंकलो, कंपनी मुंबईला हायकोर्टात गेली. आता तिथं तोडीचा वकील उभा करायचा होता. शिरूरच्या युनियनची तिजोरी पहिल्या लढाईतच संपली होती. खास वर्गणी दोनदा काढून झाली होती, तिसऱ्यांदा मागायला गेलो असतो तर लोकांनी मला बघून संडासात दडी मारली असती. सामाईक निधी हाच एक रस्ता.

बैठकीच्या आदल्या दिवशी काशिनाथ घरी आला. तो तेव्हा दुसऱ्याचा टेम्पो चालवत होता.

"भाऊ, यंदा बजेटात आमचं बसलं न्हाई, तर मी हितनं बिऱ्हाड उचलतो," तो म्हणाला. "पोरीनं शाळंत बापाचा धंदा काय लिहायचा ते इचारलं. मी म्हनलं, मोकळी जागा सोड."

"पहिला नंबर आणतो," मी म्हणालो. "न्हाई आणला तर नाव बदल माझं."

हॉल म्हणून आम्ही एक मंगल कार्यालय घेतलं होतं. स्टेजवर नवरानवरीच्या लाल मखमलीच्या दोन खुर्च्या तशाच होत्या. श्रीलंकेचा परेरा, पन्नाशीचा, गोल पोटाचा आणि तोंडभर हसणारा माणूस, सरळ जाऊन नवरदेवाच्या खुर्चीत बसला आणि शेजारच्या खुर्चीकडं बोट करून मला म्हणाला, "कम, शेलार!" दौंडचे सोनवणे आप्पा हसले. आप्पा माझ्यापेक्षा दहाबारा वर्षांनी मोठे, सडपातळ, गळ्यापर्यंत बटणं लावलेला पांढरा शर्ट, बोलणं कमी. जर्मनीच्या उर्सुलाबाई मात्र हसल्या नाहीत. त्या मंडळाच्या खजिनदार. उंच, पांढरे आखूड केस, आणि हातात कायम टोक केलेली पेन्सिल. दुभाषी म्हणून शाळेतल्या मोरे मॅडम होत्या. मी पाच वाक्यं तापून बोललो की त्या एक सभ्य वाक्य इंग्रजीत सांगायच्या. मला तेवढं इंग्रजी कळत होतं. उरलेली चार कुठं गेली, हे मी त्यांना कधी विचारलं नाही.

उर्सुलाबाईंनी मसुदा मांडला. पहिलं ऑफिस. दुसरा संपनिधी. तिसरा प्रवास. चौथं 'इतर'.

मी उठलोच. खुर्ची मागं पडली.

"मॅडम, हिला सांगा," मी मोरे मॅडमना म्हणालो, "मी दोन वर्षं कालव्यावर पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याच्या हाताखाली काम केलंय. धरणातनं पाणी सुटलं की कालव्याच्या तोंडाशी ज्याचं रान, तो हेडवाला. शेवटाला ज्याचं रान, तो टेलवाला. हेडवाल्याला आधी मोकळं सोडलं तर तो उसाला पाजतो, गवताला पाजतो, रस्त्याला पाजतो. टेलवाला दाराशी फावडं घेऊन उभा राहतो आन् पाटात बेडकं बी येत न्हाईत. म्हणून पाळी टेलपासनं सुरू करायची असती. आधी शेवटच्याचं भिजवायचं, मग वर वर यायचं. हेडवाल्याला काय, पाणी त्याच्या दारावरनंच जातं, तो तहानेनं मरत न्हाई. हे बजेट हेडपासनं चाललंय. आमच्या ताटात बेडकं बी न्हाईत!"

या वेळी मॅडमनी सगळं सांगितलं. बेडकांसकट. परेरानं मांडीवर थाप मारली. उर्सुलाबाईंनी पेन्सिल खाली ठेवली. बाई हिशोबाच्या कडक होत्या, पण मुद्दा सरळ आला तर सरळ घ्यायच्या, हे मला मानलंच पाहिजे.

"टेल कोण, हे कसं ठरवता?" त्यांनी विचारलं.

"ज्याच्यापर्यंत पाणी सगळ्यात शेवटी पोचतं, तो."

"मग आपल्या चौघांत टेल कोण?"

मी तोंड उघडणार, एवढ्यात आप्पा उठले. शर्टाचं वरचं बटण सारखं केलं आणि म्हणाले, "दौंड."

मी वळून बघितलं. आप्पा माझ्याकडं न बघता बोलत होते.

"आमच्याकडं काजळी कालवनाऱ्यांत निम्मी मान्सं कंत्राटाची. कुनी बिहारचं, कुनी आमच्या वस्त्यांवरचं. दोन-तीन वर्सांत खोकला लागतो. कंपनीचा डाक्टर म्हनतो, बिड्या सोडा. ज्यानं जल्मात बिडी वढली न्हाई त्याला बी म्हनतो. आमाला यंदा सगळ्यांच्या छात्या तपासायच्या हायती, आपल्या डाक्टरकडनं, आन् तो कागद घिऊन धूळ वढायचं मशीन मागायचंय. शेलार म्हनत्यात ते बराबर हाय. टेलपासनं सुरू करा."

म्हणजे टेलला दौंड. त्याच्या वर श्रीलंका, कारण त्यांच्या कारखान्यातल्या बायकांना तान्ही पोरं मशीनमागं पोत्यावर निजवायला लागत होती आणि परेराला पाळणाघर हवं होतं. त्याच्या वर शिरूर, आणि हेडला जर्मनी. माझ्याच तोंडच्या नियमानं माझी सात घरं तिसऱ्या नंबरवर गेली. आणि ऑफिसचं भाडं तर टळणार नव्हतं. उर्सुलाबाई म्हणाल्या, "हेडवाल्यानं दारच बंद केलं तर टेलला काय येईल? भाडं भरायलाच हवं." सौद्यात बाई माझ्या वरचढ होत्या. त्यांनी भाडं आधी बाजूला काढून हिशोब करून दाखवला. संपनिधी अर्धा केला, प्रवास कापला, तरी दुसऱ्या नंबरनंतर हंडा कोरडा.

जेवणाच्या सुट्टीत मी आप्पांना कार्यालयाच्या मागं, भांडी घासायच्या नळापाशी गाठलं.

"आप्पा, पाठीत सुरा घातलात तुमी."

"पाठीत कुठं? समूर उभं राहून बोललो की."

"आपले तालुके शिवंला शीव लावून हायती. आधी आपलं एक ठरवायचं, मग त्यांच्याशी भांडायचं. मी टेल म्हणलो ते त्यांना म्हणलो, तुमाला न्हाई!"

"व्हय, ते कळलं मला." आप्पा शांतपणे हात धूत होते. "शेलार, तुमचं गाव भीमंकाठचं. टेल तुमी कालव्यावर नोकरीत बघितलंय. माझ्या बापाची दीड एकर टेललाच हाय. तुमी पाटकऱ्याबरोबर किल्ली घिऊन हिंडत व्हता ना, तवा आमी चारीच्या शेवटाला वाट बघत बसायचो."

"माझी सात घरं रस्त्यावर हायती, आप्पा!"

"तुमची सात मोजता तरी येत्यात. आमची कुनी मोजलीच न्हाईत."

मला इतका राग आला की मी नळाशेजारची बादली लाथेनं उडवली. ती कोथिंबिरीच्या जुड्यांवर जाऊन पडली आणि आचारी माझ्या आईवरनं बोलला. पण खरं सांगतो, त्या रागात एक उकळी होती. समोरचा तोडीचा निघाला की सौदेवाल्याला जे होतं, ते मला होत होतं.

दुपारनंतर हात वर यायचे होते. मी माझा हात वर करीना. माझा हात खाली म्हणजे जुना क्रम, म्हणजे कुणालाच काही नाही, हे मला ठाऊक होतं. आप्पांनाही ठाऊक होतं, आणि ते माझ्याकडं एकटक बघत बसले होते. शेवटी उर्सुलाबाईंनी वही मिटली आणि असं काही म्हणाल्या की मोरे मॅडमनीही पुन्हा विचारून घेतलं.

"त्या म्हणतायत, मला तो कालवा दाखवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी भाड्याच्या जीपमध्ये आम्ही पाच जण दौंडच्या बाजूला निघालो. जानेवारी होता. राहू गावाच्या अलीकडं परेरानं उसाचा ट्रॅक्टर थांबवून कांडं मागून घेतलं आणि उर्सुलाबाईंना दातांनी सोलायला शिकवलं. बजेट कोंडलेलं आणि जर्मन खजिनदारबाई उसाचा चोथा जीपच्या खिडकीतनं थुंकतेय. मला आतल्या आत हसू फुटत होतं.

आप्पांच्या वाट्याचं रान चारीच्या, म्हणजे कालव्यातनं निघालेल्या छोट्या पाटाच्या, अगदी शेवटाला. आप्पांचे थोरले बंधू, ज्यांना सगळे दादा म्हणत, कांद्याच्या वाफ्यात उभे होते. त्या दिवशी टेलची पाळी, म्हणजे पाणी त्यांचं. आम्ही पोचलो तेव्हा बांधावर एक बागायतदार आधीच येऊन उभा होता. बुलेट लावलेली, पांढरी टोपी, अंगठ्या.

"दादा, विहिरीवरची मोटार जळाली हो," तो म्हणत होता. "गव्हात दाणा भरतोय. आज पाणी न्हाई भेटलं तर पोचट व्हतोय सगळा."

आप्पा माझ्या कानाशी हळूच म्हणाले, "एरवी ह्यो माझ्या भावाला नुसत्या नावानं हाक मारतो. मोटार जळाली की दादा व्हतो."

दादांनी कांद्याची पात हातात घेऊन बघितली. वाकून माती दाबली. मग म्हणाले, "माझा कांदा आठ दिस दम धरतोय. घे पाळी. पन उसनी. पुढल्या खेपंला पयलं माझं, आन् तुझ्या वाट्यातलं बी माझं."

"कबूल."

"जा मग, पाण्याचं दार फिरीव."

बागायतदार टोपी सावरत दाराकडं पळाला. एवढंच. कागद नाही, सही नाही, साक्षीदार नाही. पाणी वळलं आणि चारीतनं गव्हाकडं लवलवत निघालं.

माझ्या डोक्यात एकदम लख्ख झालं. "मॅडम!" मी बांधावरच ओरडलो. "परेराला इचारा, त्याचं पाळणाघर एक वरीस दम धरतंय का!"

मोरे मॅडमना आधी काही कळेना. मी हातवारे करत सांगत सुटलो. कोर्टाची तारीख गव्हाच्या दाण्यासारखी, आता पाणी नाही मिळालं तर पीक गेलं. पाळणाघर उसनं द्या. पुढच्या वर्षी शिरूरच्या वाट्यातलं सगळं आधी श्रीलंकेला, त्यानंतर आम्ही. परेराचं हसू गेलं. तो मला सरळ इंग्रजीत म्हणाला, "ती पोरं पोत्यावर आणखी एक वर्ष काढतील, पण त्यांच्या आया मला रोज भेटतात, आणि मला त्यांना तोंड द्यायचंय. तुझी सात माणसं कामावर परत येईपर्यंत त्यांना काय सांगू?"

"सांग, शिरूरच्या शेलारनं पाळी उसनी घेतलीय," मी म्हणालो. "आमच्याकडं उसनी पाळी बुडवणाऱ्याला बांधावर कुणी उभं करत न्हाई."

त्यानं हात पुढं केला. चिखलानं भरलेला माझा हात त्याच्या हातात गेला. उर्सुलाबाईंनी लगेच पर्समधनं कागद काढला. "लिहून घेऊ."

"न्हाई," मी म्हणालो. "पाळी उसनी देताना लिहून घेत न्हाईत. लिहून घेतलं तर देणाऱ्याचा अपमान व्हतो."

आप्पांनी मान डोलावली. दादांनीही. बाईंना पटलं नव्हतं, हे दिसत होतं. पण परेराच म्हणाला, राहू दे. आणि तिथंच, कांद्याच्या वाफ्यात, चार हात वर गेले. दौंडच्या छात्या पहिल्या. शिरूरची केस दुसरी. ऑफिसचं भाडं आधीच बाजूला काढलेलं. मला तेव्हा नाचावंसं वाटत होतं, आणि परेरा तर खरंच नाचला.

पुढचं सगळं वर्ष आम्ही हवेत होतो. दौंडला एक्स-रेची गाडी आली, आणि एकदोघांच्या नाही, काजळी कालवणाऱ्या जवळजवळ अख्ख्या शिफ्टच्या छातीत धूळ निघाली. आप्पांनी ते रिपोर्ट मॅनेजरच्या टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "ह्यातला बिडी वढनारा कोन, ते दाखवा." धूळ ओढायचं मशीन बसलं. आणि मुंबईत आमचा वकील असा बोलला, की कंपनीच्या वकिलाला घोटभर पाणी प्यावं लागलं. सातही जण परत कामावर. काशिनाथ गुलालानं माखून गेटमधनं शिरला तेव्हा मी त्याला खांद्यावर घेतला होता. माझं वय खांद्यावर माणूस घ्यायचं राहिलं नव्हतं. कंबर अजून दुखते. दुखू दे.

आता माझ्या मनात जे आहे ते लिहितो. इतकी वर्षं लिहिलं नाही.

पुढच्या बजेटच्या आधी नियमाप्रमाणं आमच्या सर्वसाधारण सभेनं ठराव करायचा होता, की यंदाचा शिरूरचा वाटा श्रीलंकेला. आमच्या माणसांना मात्र युनियनचं स्वतःचं ऑफिस बांधायचं होतं. जागा बघून ठेवली होती, नकाशाही काढला होता. आणि सगळ्यांत पुढं कोण? काशिनाथ. गेटमधनं परत आल्यापासनं तो हीरो झाला होता. त्याच्याभोवती पोरांचा गट जमला होता.

मी त्याला गाठलं, घोडनदीच्या पुलाजवळच्या चहाच्या टपरीवर.

"काशा, ती पाळी उसनी हाय. तुझ्यासाठी घेतलेली."

"भाऊ, तुमचा उपकार मी जल्मभर इसरनार न्हाई. पन उसनं म्हंजी, कागद कुठंय?"

"कागद नसतोच."

"मग सभेत काय दावू? पोरं इचारत्यात, श्रीलंकेतनं कोन बघायला येतंय? त्यांनी दिलं, आपन घेतलं, मिटलं."

त्याच्या तोंडावर गरम चहा फेकावा असं मला वाटलं. फेकला नाही, कारण माझ्या ध्यानात आलं होतं की सभेतली निम्म्याहून जास्त डोकी त्याच्या खिशात आहेत. आणि त्याच्या नजरेत ऑफिसची इमारत नव्हतीच, माझी खुर्ची होती. ते दिसलं तेव्हा माझा राग थंड पडला आणि सौदा सुरू झाला. माझ्या आयुष्यातला सगळ्यांत झटपट सौदा. सांगताना अजून अंगावर काटा येतो.

"तुला सेक्रेटरी व्हायचंय," मी म्हणालो.

त्यानं चहावर फुंकर घातली.

"मी उभा राहत न्हाई. बिनविरोध तू. पण पाळी परत जाणार."

त्यानं कप खाली ठेवला. "खरं?"

"खरं. पण एवढ्यावर न्हाई. ठराव मी मांडणार न्हाई, तू मांडायचा. स्टेजवर उभं राहून, तुझ्या तोंडानं, 'उसनी' असा शब्द वापरून. मी मांडला आन् तू पुढं सेक्रेटरी झालास, की म्हणशील, ते शेलारचं व्हतं."

"लई पिळताय, भाऊ."

"अजून एक. झाडूवाले आन् कँटीनवाले कंत्राटी हायेत, त्यांना सभासद करून घ्यायचं. पुढल्या बजेटात टेल त्येच असतील."

"आता हे कुठनं आलं मधीच?"

"खुर्ची स्वस्तात देत न्हाई मी. घ्यायची तर घे, न्हाईतर सभेत भेटू. निम्मी डोकी तुझी असतील, पण वरडायला मी एकटा बास हाय."

त्यानं डोकं खाजवलं, हसला, आणि हात पुढं केला. तेवढ्यात मी आणखी एक गोष्ट त्यात घातली. परेराला फोन तूच करायचास.

सभा झाली. काशिनाथ बोलला. 'उसनी' म्हणताना तो जरा अडखळला, पण म्हणाला. बोलणारा तो चांगलाच आहे, हे मी नाकारत नाही. नकाशेवाल्या पोरांची तोंडं उतरली, तरी हात वर गेले. त्यानंतर निवडणुकीचा विषय निघाला आणि माझं नाव आलं नाही. इतिवृत्तात एवढंच आहे, की शेलार यांनी स्वखुशीने पद सोडले. त्यावरनं गावात बोलणी झाली, की कंपनीनं शेलारला गप्प केला, पाकीट दिलं, नाहीतर असला भांडखोर माणूस आपणहून उठतो होय? बसस्टँडवर माझ्या तोंडावर म्हणणारेही निघाले. त्या सातांतला एकही माणूस मधे पडला नाही, काशिनाथसुद्धा नाही. एका शब्दानं मिटलं असतं. तो शब्द कुणी उच्चारला नाही, याचा सल मला आहे, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

सभा सुटल्यावर मात्र मी त्याला सोडलं नाही. चल म्हणालो. मार्केटजवळच्या फोन बूथवर गर्दी होती. काचेच्या खोलीत आम्ही दोघं कसेबसे मावलो. मी नंबर फिरवला, रिसीव्हर त्याच्या हातात दिला. पलीकडून परेराचा आवाज आला. काशिनाथनं मला खुणेनं विचारलं, काय बोलू? मी सांगितलं, तुझं नाव सांग आणि ठराव झाला एवढं सांग, तेवढं इंग्रजी तुला येतं.

तो मोडकंतोडकं बोलला. मग परेरानं रिसीव्हर बाजूला धरून कुणाला तरी काहीतरी सांगितलं असावं, कारण मागनं एकदम बायकांचा गलका उठला. इतका, की काशिनाथनं रिसीव्हर कानापासनं लांब धरला आणि मलाही तो स्वच्छ ऐकू आला. कुणी हसत होतं, कुणी टाळ्या वाजवत होतं, एक पोर रडत होतं. परेरा 'शेलार, शेलार' असं ओरडत होता. काशिनाथनं रिसीव्हर माझ्याकडं केला. मी घेतला नाही. म्हणालो, बोल तूच, आता तुझ्याशीच काम आहे त्याचं.

तो बोलत राहिला. काय बोलला मला ठाऊक नाही, पण तोंड लाल झालं होतं आणि डोळे पुसत होता. मीटरवरचे तांबडे आकडे सारखे बदलत होते. शेवटी त्यानं फोन ठेवला, बाहेर आला, बूथवाल्यानं फाडलेली चिठ्ठी बघितली, आणि सवयीनं माझ्याकडं बघत उभा राहिला. इतकी वर्षं असल्या चिठ्ठ्या मीच भरायचो.

"बघतोस काय?" मी म्हणालो. "सेक्रेटरी कोन हाय आता? काढ पैसे."